अकरावा पंधरवडा

ऑगस्ट २०५२मधल्या एका सोमवारी सकाळी अमरावतीच्या मेंदूविज्ञान संस्थेत एक्केचाळीस म्हातारी माणसं जमली आणि तिसऱ्या मजल्यावरच्या प्रयोगशाळेच्या शिस्तीचा पार फज्जा उडाला. ‘शांतता राखा’ या पाटीखालीच दोन आजोबा एकमेकांची गावं विचारत होते. एका आजींनी पिशवीतून चिवड्याचा डबा काढून तो सगळ्या रांगेत फिरवला होता. शास्त्रज्ञांना प्रयोगशाळेत चहासुद्धा प्यायची बंदी होती, पण या मंडळींना अडवायची कुणाची छाती झाली नाही.

डॉ. निरुपमा गावंडे काचेपलीकडून हे पाहत उभी होती आणि तिला हसू आवरत नव्हतं. रांगेत सातव्या खुर्चीवर तिची थोरली बहीण कमल बसली होती. निरुपमा सत्तावन्न वर्षांची, कमल बासष्टची. “तू इतकी वर्षं तिथं काय करतं ते एकदा पाहू तर दे,” असा धोशा लावून कमल यवतमाळजवळच्या गावाहून आली होती. ती चाचणीच्या गटातही बसत होती, त्यामुळे नाही म्हणायला जागा उरली नव्हती.

ही चाचणी शेवटची होती. नऊ दिवसांनी निरुपमाला राज्याच्या शाळावर्ष आयोगापुढे उभं राहायचं होतं. शाळेचं वर्ष कधी सुरू व्हावं आणि कधी संपावं, हा प्रश्न सोडवण्यासाठीच तो आयोग नेमलेला होता. उन्हाळा दर दशकाला लांबत चालला होता आणि प्रत्येक विभागाचं म्हणणं वेगळं होतं. या भांडणात निरुपमाचा सिद्धान्त सर्वांना देवासारखा धावून आल्यासारखा वाटत होता. आयोगाने तो मान्य केला की पुढच्या वर्षापासून राज्यातल्या प्रत्येक मुलाची शाळा त्याच्या जन्माच्या पंधरवड्याप्रमाणे सुरू होणार होती. तसा कायद्याचा मसुदाही तयार होता.

आत कमलची पाळी आली. निरुपमाची सहकारी डॉ. शर्वरी बेडेकर हिने तिच्या डोक्यावर टोप बसवला. शर्वरी पुण्याची, एकतीस वर्षांची, आकडेवारीत अतिशय हुशार. माणसांशी बोलताना मात्र ती व्याख्यान दिल्यासारखी बोलायची.

“मावशी, हा आकलनमापी. घाबरू नका, दुखत नाही. आपला मेंदू नवीन गोष्ट धरून ठेवतो ना, ती ताकद वर्षभर सारखी नसते. दहा महिने भरती असते, दोन महिने ओहोटी. आयुष्यभर हे दर वर्षी चालतं. तुमच्या मेंदूत आज भरती किती चढली आहे ते हा टोप सांगतो, आणि त्यावरून भरती कुठल्या दिवशी सुरू झाली ते आम्ही काढतो.”

“अन ते काढून काय करता?”

“भरती सुरू होते त्याच दिवशी शाळा सुरू झाली तर मूल कमी कष्टात जास्त शिकतं. ओहोटीत शाळा घेतली तर निम्मं वाया जातं. ती भरती कधी सुरू होणार हे जन्मावर ठरतं, असं मॅडमनी शोधून काढलं. जन्मल्यावर बाळाच्या डोळ्यांत जो पहिला उजेड जातो त्यावरून मेंदूतलं घड्याळ लागतं. जन्मप्रकाश सिद्धान्त म्हणतात त्याला.”

पडद्यावर आकडा उमटला. शर्वरीचा चेहरा उजळला.

“सव्वीस जून! बघा मावशी, अगदी तंतोतंत. तुम्ही अकराव्या पंधरवड्यातल्या, म्हणजे जूनच्या पहिल्या पंधरवड्यात जन्मलेल्या. आमचा सगळ्यात भाग्यवान गट, आज आलेले सगळे त्यातलेच. शाळा जूनमध्ये उघडायची आणि तुमची भरतीही जूनमध्येच.”

कमलने टोपाखालून तिच्याकडे पाहिलं आणि ती मोठ्यांदा हसली.

“अवं पोरी, मी कायची जूनची? मी तान्ह्या पोळ्याच्या दिवशीची आहो. माय सांगे, इकडं पोट्टे लाकडाचे बैल घेऊन दारात आले अन तिकडं मी झाली.”

“पण तुमच्या दाखल्यावर...”

“दाखल्यावर एक जूनच हाये. हिवराळे गुरुजींनं लिवली. नाव घालाले गेलो तर म्हणे, डोक्यावरून हात घेऊन पलीकडच्या कानाले लाव. बोटं जेमतेम पोचली, म्या मान वाकडी केली थोडी. गुरुजी हसले अन म्हणे, चाला, सहा वर्षांची झाली. लिवली एक जून. आमच्या वर्गात समद्यायचीच एक जून होती.”

शर्वरीचे हात टोपाच्या पट्ट्यावरच थांबले. तिला वाटलं मावशी गंमत करताहेत. पण कमलने टोपासकट मान वळवून रांगेला हाक दिली, “कावो, तुमच्यातले खरोखर जूनचे किती? हात वर करा बरं.”

एक्केचाळीस जणांत दोन हात वर आले. बाकीच्यांनी हसत हसत आपापला हिशेब सुरू केला. कुणी आखाजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या आसपासचं होतं, कुणी गहू काढणीच्या दिवसांतलं, कुणी नदीला पूर आला त्या साली जन्मलेलं. एका आजोबांना तर महिनाच ठाऊक नव्हता. पण सगळ्यांच्या दाखल्यावर एक जून.

काचेपलीकडे निरुपमाने हे सगळं ऐकलं. 

दुपारी म्हातारी मंडळी गेली आणि प्रयोगशाळेत दोघीच उरल्या. शर्वरी रडवेली झाली होती, पण तिच्यातली गणिती गप्प बसायला तयार नव्हती.

“मॅडम, तुम्ही खेड्यातल्या. तुमच्या सख्ख्या बहिणीची कागदावरची तारीख एक जून. तुमच्या लक्षात कसं आलं नाही?”

प्रश्न उद्धट होता, पण खरा होता. 

“मला तारीख कधी दिसलीच नाही गं. आपल्याकडे शाळांची नव्वद वर्षांची नोंद आहे, चाळीस लाख मुलं. पण गोपनीयतेच्या कायद्यामुळे जन्मतारीख झाकलेली. दिसतो फक्त पंधरवडा, एक ते चोवीस. चौदा वर्षं मी ‘अकरा’ हा आकडा पाहत आले. त्याच्या आत ताईची एक जून लपलेली असेल, हे माझ्या डोक्यात एकदाही आलं नाही. दोन्ही गोष्टी मला ठाऊक होत्या. एकमेकींशेजारी ठेवल्या नाहीत, एवढंच.”

“अकराव्यात मुलं तिप्पट होती. तेव्हा तरी...”

“तेव्हा आपण सप्टेंबर महिन्यावर प्रबंध लिहिला. आठवतंय ना?”

आठवत होतं. जूनमध्ये इतकी बाळं का जन्मतात याचं त्यांनी नऊ महिने मागे जाऊन जे स्पष्टीकरण शोधलं होतं, ते पुन्हा उच्चारायचं धैर्य दोघींतही नव्हतं. त्याही स्थितीत शर्वरीला हसू फुटलं.

खरी मेख पुढेच होती, आणि ती शर्वरीनेच बाहेर काढली. सगळ्या पंधरवड्यांत अकरावाच काय तो स्वच्छ होता. बाकीच्या गटांत भरतीच्या तारखा वाटेल तशा विखुरलेल्या होत्या. म्हणून अकराव्यावरून नियम बसवला आणि तो बाकीच्या तेवीस पंधरवड्यांना लावला. पंधरवड्याच्या पहिल्या दिवसापासून भरती पंचवीस दिवसांनी सुरू होते, हा तो नियम. शास्त्राच्या नियतकालिकांत त्याला ‘गावंडे अंतर’ असं नाव मिळालं होतं.

“मॅडम,” शर्वरी अगदी हळू म्हणाली, “विदर्भातल्या शाळा त्या काळी कधी उघडायच्या?”

“सव्वीस जूनला.”

“एक जून ते सव्वीस जून. पंचवीस दिवस.”

निरुपमाने पडद्यावर पश्चिमेकडचे जिल्हे उघडले.

“पश्चिमेकडच्या जिल्ह्यांत ते अंतर चौदा दिवसांचं निघालं होतं,” निरुपमा म्हणाली. “तिकडच्या शाळा पंधरा जूनला उघडायच्या. त्या अकरा दिवसांच्या फरकासाठी मी सूर्याला राबवलं. पूर्वेकडे उजेड आधी होतो, म्हणून असेल म्हटलं. अगं, माझं अंतर म्हणजे हिवराळे गुरुजींच्या टाकापासून शाळेच्या घंटेपर्यंतचं अंतर!”

चौदा वर्षं गेली होती. तेवढ्यानेच भागलं नव्हतं. तिच्या शब्दावर दोन तालुक्यांत तीन वर्षं प्रयोग चालला होता. तिथं प्रत्येक मुलाची शाळा त्याच्या पंधरवड्याला सुरू होई. मुलांची प्रगती नखाएवढी झाली होती आणि दोष मास्तरांना दिला गेला होता. घराघरांत मात्र हाहाकार होता. थोरल्याला सुट्टी लागली की धाकटीची शाळा भरायची. तीन वर्षांत त्या तालुक्यांतल्या कित्येक बायकांना मुलांना घेऊन चार दिवस माहेरी जाता आलं नव्हतं. मे महिन्यात आंब्याखाली मामेभावंडं जमेनात. एका आईने निरुपमाला पत्र लिहिलं होतं, ‘बाई, माझी दोन्ही लेकरं हुशार होऊन राहिली असतील, पण ती एकमेकांबरोबर खेळलेली मला दिसत नाहीत.’ ते पत्र निरुपमाने जपून ठेवलं होतं आणि उत्तर दिलं नव्हतं. आता हेच सगळ्या राज्यात होणार होतं.

“आयोगाला आजच कळवूया,” ती म्हणाली. “माझं चुकलं म्हणून.”

“थांबा.” शर्वरीने फळ्यासमोर उभं राहून दोन ओळी लिहिल्या. “सिद्धान्त चुकला, मोजमाप चुकलेलं नाही. टोप खोटं बोलत नाही. कमलमावशी ऑगस्ट-सप्टेंबरच्या, ते आजोबा एप्रिलचे, त्या आजी मार्चच्या. तरी सगळ्यांची भरती सव्वीस जूनलाच. का?”

“शाळा त्या दिवशी सुरू झाली म्हणून.”

“शाळा तर बाकीच्या तेवीस गटांचीही त्याच दिवशी सुरू झाली. मग त्यांची भरती विखुरलेली का?”

या प्रश्नाने निरुपमाची मरगळ उडाली. ती उठून फळ्यापाशी गेली. एक जूनवाले कोण होते? ज्यांच्या घरी जन्मतारीख कुणी लिहून ठेवली नव्हती ते. त्यांच्या घरात पाटी नव्हती, पुस्तक नव्हतं, गावात बालवाडी नव्हती. शाळेच्या पहिल्या दिवसाआधी त्यांना कुणी काहीही समोर बसवून शिकवलेलं नव्हतं. पहिल्या दिवशी गुरुजींनीच एकेकाला समोर घेऊन पाटीवर अक्षर गिरवून घेतलं होतं. आणि बाकीच्यांना? कुणाला आईने, कुणाला आजोबांनी, कुणाला बालवाडीतल्या बाईंनी. ज्याला जेव्हा वेळ झाला तेव्हा.

“मूल चालायला शिकतं, बोलायला शिकतं,” निरुपमा म्हणाली, “पण त्याला भरती-ओहोटी नसते. ते आपलं आपण चाललेलं असतं. मग एक दिवस कुणीतरी त्याला समोर बसवतं, हात धरतं आणि एक खूण दाखवून सांगतं, हिचा अर्थ हा. मला वाटतं घड्याळ तिथे सुरू होतं. वर्षाची लांबी सूर्य ठरवत असेल, पण किल्ली माणूस देतं.”

“पुरावा?”

“तो तू शोध.”

शर्वरीला तो संध्याकाळच्या आत सापडला, आणि तोही तिने स्वतःच कधीकाळी गाळून टाकलेल्या कचऱ्यात. विखुरलेल्या तारखांत शरद ऋतूच्या सुमारास एक लहानसा उंचवटा होता. तो दर वर्षीच्या मुलांत जागा बदलायचा. कधी सप्टेंबरच्या शेवटी, कधी ऑक्टोबरच्या मध्यावर, कधी आणखी पुढे. मोजमापातली गडबड म्हणून तिने तो पुसून टाकला होता. आता तिने त्याच्यासमोर पंचांग ठेवलं आणि ओरडतच ती निरुपमाच्या खोलीत आली.

“मॅडम, दसरा! तो उंचवटा दसऱ्याबरोबर सरकतो! पाटीपूजन केलं आणि त्याच दिवशी पोराचा हात धरून श्री गिरवून घेतला, अशी ती सगळी घरं!”

उरलेले आठ दिवस दोघींनी घरी फक्त अंघोळीपुरतं जाऊन काम केलं. आपला पहिला धडा कधी, कुठे, कुणी दिला हे पक्कं सांगू शकतील अशी दोनशे बारा माणसं त्यांनी शोधली. कुणाच्या आईच्या रोजनिशीत नोंद होती, कुणाच्या पाटीसकट काढलेल्या छायाचित्राच्या मागे तारीख होती. त्यांतल्या एकशे त्र्याण्णव जणांची भरती त्या तारखेपासून तीन दिवसांच्या आत निघाली. जन्माशी तिचा कसलाही संबंध नव्हता.

आयोगाची बैठक नागपूरला होती. अध्यक्ष श्रीरंग उपासनी हे निवृत्त सनदी अधिकारी, सत्तरीचे, कमी बोलणारे. त्यांच्यापुढे कायद्याच्या मसुद्याच्या प्रती नीट रचून ठेवल्या होत्या. निरुपमा उभी राहिली. पहिलं वाक्य तिने पाठ केलं होतं, तरी आवाज फाटलाच.

“मी चौदा वर्षं चुकीच्या तारखेवर काम केलं. जन्मप्रकाश सिद्धान्त मी मागे घेते आहे.”

मग तिने एक जून सांगितली, हिवराळे गुरुजी सांगितले, पंचवीस दिवस सांगितले. सभागृहात कुठूनतरी हसणं सुरू झालं. आयोगाच्या नऊ सदस्यांपैकी तिघांच्या स्वतःच्या दाखल्यावर एक जून होती. त्यांच्याही ते आजवर लक्षात आलं नव्हतं, म्हणून ते जरा ओशाळले होते.

“दोन तालुक्यांतल्या लोकांनी माझ्यामुळे तीन वर्षं त्रास काढला,” ती म्हणाली. “तो प्रयोग आज थांबवा. मी तिथं जाऊन माफी मागणार आहे.”

उपासनींनी चष्मा काढला. “ते झालं. पण आम्ही इथं एका प्रश्नासाठी बसलो आहोत, डॉक्टर. शाळेचं वर्ष सुरू कधी करायचं?”

“तुम्हाला सोयीचं असेल तेव्हा.”

“म्हणजे?”

“विदर्भात ऊन उतरल्यावर करा, कोकणात त्यांच्या हवामानाप्रमाणे करा. मेंदू तारखेच्या मागे येतो, साहेब. मुलाचा पहिला धडा शाळेच्या पहिल्या दिवशीच झाला तर त्याची भरती जन्मभर त्या दिवशी चढेल, आणि दहा महिन्यांनी ओहोटी लागेल तेव्हा शाळेलाही सुट्टी असेल. सगळ्या घराची सुट्टी एकत्र येईल. अट एकच आहे. तो पहिला धडा साठ मुलांना फळ्यावरून देऊन चालत नाही. फळ्यावरून दिलेल्या धड्याने घड्याळ चालू होत नाही, हे आम्ही तपासलं आहे. एका मुलासमोर एक माणूस बसला पाहिजे. निदान पहिल्या दिवशी.”

“एवढे शिक्षक आणायचे कुठून?”

“शिक्षकच हवेत असं नाही. ज्याला अक्षर येतं आणि ज्याला घाई नाही, असं कुणीही चालेल.”

 उपासनींनी मसुद्याच्या प्रती उचलून बाजूला ठेवल्या आणि सचिवाला सांगितलं, “पहिलीच्या प्रवेशअर्जात एक रकाना वाढवा. पहिला धडा कुणी दिला. नाव पूर्ण लिहून घ्या.” आणि निरुपमाकडे पाहून म्हणाले, “चूक इतकी स्वच्छ सांगितलेली मी नोकरीत फार थोड्या वेळा ऐकली. आभारी आहे.”

बाहेर आल्यावर निरुपमाला चक्क हलकं वाटलं. सिद्धान्त गेला होता, नाव गेलं होतं, पण गाडीत बसल्यावर तिच्या मनात सारखे हिवराळे गुरुजी येत होते. त्यांनी खोटी तारीख लिहिली नसती तर सहा पुरी न झालेली कमल एक वर्ष घरी बसली असती. त्या माणसाने वयाकडे न बघता पोरीकडे बघितलं होतं. प्रत्येक पुरस्कार घेताना निरुपमा गुरुजींचं नाव घेई. माझं सगळं शिक्षण त्यांनी पाटीवर गिरवून घेतलेल्या पहिल्या अक्षरापासून सुरू झालं, असं ती प्रत्येक भाषणात सांगत आली होती.

दुसऱ्या दिवशी शर्वरी टोप घेऊन तिच्यामागे लागली. अभ्यास करणाऱ्याने स्वतःला मोजायचं नाही, असा प्रयोगशाळेचा नियम होता. पण आता अभ्यास संपला होता.

“तुमची भरती सव्वीस जूनची निघणार हे मला आत्ताच सांगता येतंय,” शर्वरी म्हणाली, “पण आकडा बघायला मजा येईल.”

तासाभराने आकडा आला. एकोणीस नोव्हेंबर.

शर्वरीने पुन्हा मोजलं. पुन्हा एकोणीस नोव्हेंबर, तीन दिवस इकडे किंवा तिकडे.

“मॅडम, गुरुजींच्या आधी तुम्हाला कुणीतरी शिकवलं आहे.”

“शक्य नाही. आईबाबांना सहीसुद्धा येत नव्हती. गावात बालवाडी नव्हती. घरात पाटी नव्हती.”

“मग नोव्हेंबरमध्ये तुमचा हात कुणी धरला?”

निरुपमा उठली आणि तडक घरी गेली.

कमल अजून तिच्याकडेच मुक्कामाला होती. स्वयंपाकघरात खाली बसून ती बरबटीच्या शेंगा मोडत होती. निरुपमा तिच्यासमोर फरशीवर बसली आणि तिने सरळ विचारलं.

“ताई, मी शाळेत जायच्या आधी मला कुणी शिकवलं का?”

“म्या शिकवलं,” कमल शेंगेवरून नजर न काढता म्हणाली. “काऊन?”

“कधी?”

“मायचा हात मोडला होता त्या साली. तू असशील साडेचार वर्षांची. मी चौथीत होती. दिवाळीच्या सुट्ट्या संपल्या, शाळा भरली, पण कापूस वेचाले माणूस नव्हतं. बाबा म्हणे, हिले राहू दे घरी. मग मी वेचणीले जाऊ अन तुले संगं नेऊ. तू मोठी कटकट करे. मग दुपारी धुऱ्यावर, वावराच्या बांधावर बसून तुले मातीत अक्षरं काढून दाखवली. बोट धरून गिरवून घेतली. पहिलं क काढलं. माह्या नावातलं.”

“मला का नाही सांगितलंस कधी?”

“त्यात काय सांगाचं? अन तुह्यासाठी कुठं केलं ते? मले वाटे, शाळेत जाणं नाही होऊन रायलं तर मी समदं विसरून जाईन. तुले सांगतलं म्हणजे माह्या ध्यानात राहीन.” कमल हसली. “झालं उलटंच. तू धरून ठेवलं अन म्या सोडलं.”

निरुपमाला पुढचं विचारावं लागलं नाही. तिला ते माहीत होतं, जसं सगळ्या घराला माहीत होतं. मायचा हात बरा झाला तोवर वार्षिक परीक्षा होऊन गेली होती. पुढच्या जूनमध्ये कमलला परत घालायचं राहून गेलं. त्याच्या पुढच्या जूनमध्ये गुरुजींनी निरुपमाला दाखल करून घेतलं आणि म्हणाले, ही पोरगी जन्मतः हुशार आहे. ते वाक्य घरात पुढे वर्षानुवर्षं सांगितलं गेलं. निरुपमानेही ते खरं मानलं होतं. गुरुजींनी पाटीवर गिरवून घेतलं ते तिचं पहिलं अक्षर नव्हतंच.

 चाळीस वर्षं तिने प्रत्येक व्यासपीठावरून चुकीच्या माणसाचे आभार मानले होते. म्हणजे चुकीच्या नाही, दुसऱ्या माणसाचे. पहिलं माणूस खाली पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होतं.

“ताई,” ती म्हणाली, “मी जे काही शिकले ना, ते तुझ्यापासून सुरू झालं. यंत्राने सांगितलं. तारखेसकट. तुझे उपकार कसे फेडू गं मी?”

“बाप्पा! यंत्राले कसं कळलं?” कमलने शेंगा खाली ठेवल्या. मग निरुपमाचे डोळे पाहून तिने ओल्या हातानेच तिच्या गालावरून हात फिरवला. “रडतं कायले? उपकार कायचे? तू शिकली, मले लय बरं वाटे. दर निकालाले वाटे, अर्धा माहाच हाये.”

 मग कमलनेच विचारलं, जरा संकोचत, “ते तुह्या टोपावाली सांगे, दहा महिने भरती राह्यते म्हणून. म्हातारपणीही राह्यते का ते?”

“राहते. आयुष्यभर.”

“अन माही आता कोणती चालू हाये? भरती का ओहोटी?”

“भरती. सव्वीस जूनला सुरू झाली. आता अगदी भर आहे तुझा.”

कमलने परातीतल्या शेंगा उगाच एकीकडे सारल्या.

“आमच्या चौथीच्या वर्गात अपूर्णांक चालू होते. पाव, अर्धा, पाऊण झालं होतं. त्यायची बेरीज राहिली. गुरुजी म्हणे, बेरीज सुट्ट्या संपल्यावर घेऊ.” ती थांबली. “अर्धा अन पाव किती होते ते मले समजते, कणीक मळतो न आपण. पण ते कागदावर कसं मांडते, ते राहूनच गेलं.”

निरुपमा उठली. तिने आपल्या टेबलावरून एक कोरी वही आणि पेन्सिल आणली, फरशीवर बहिणीसमोर मांडी घातली आणि वही तिच्याकडे फिरवली.

“सुट्टी संपली, ताई,” ती म्हणाली.

कमलने पदराला हात पुसले आणि पेन्सिल उचलली.